पेट्रोल महागलं की माणसं काय करतात? पालघर–बोईसर पट्ट्याचा आढावा

पेट्रोलचा दर चढला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘लोकांना काही फरक पडत नाही, रस्त्यावर गाड्या तेवढ्याच आहेत.’ दुसरं, ‘सामान्य माणसाचं कंबरडं मोडलं.’ वरवर पाहता ही वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत. अर्थशास्त्रज्ञांमध्येही गेली पन्नास वर्षं जवळपास याच दोन टोकांमध्ये वाद चालू आहे. दर वाढल्यावर माणूस खरंच कमी फिरतो का? फिरत असेल तर किती दिवसांनी? आणि कमी फिरत नसेल, तर वाढलेला खर्च कुठून भरून काढतो?

हे प्रश्न तपासायला पालघर जिल्ह्यासारखी जागा क्वचित सापडेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या पश्चिमेला रेल्वेची पट्टी आहे: सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू. रुळांपासून वीसेक किलोमीटर पूर्वेला मुंबई–अहमदाबाद महामार्ग जातो. त्याच्याही पलीकडे विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे डोंगरी तालुके, तिथे रेल्वे नाही आणि एसटीच्या फेऱ्याही मोजक्याच. मधोमध बोईसर–तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीज केंद्र, म्हणजे रोज तीन पाळ्यांत ये-जा करणारे कामगार. उत्तरेला गुजरातची सीमा, जवळच दादरा-नगर हवेली आणि दमण, जिथे पेट्रोलचा दर वेगळा. ज्यांच्याकडे पर्याय आहे आणि ज्यांच्याकडे नाही, असे दोन्ही प्रकारचे प्रवासी एकाच जिल्ह्यात राहतात. म्हणून या लेखात जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेताना प्रत्येक निष्कर्ष या पट्ट्याला लावून पाहिला आहे.

दर कसे चढत गेले

भारतात पेट्रोलच्या दराचा पहिला मोठा धक्का १९७३चा. अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा आवळला, सरकारने दर वाढवले, आणि निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी नोव्हेंबर १९७३ मध्ये बैलगाडीतून संसदेत गेले. त्या दशकात लोकांनी पेट्रोल खरोखरच कमी वापरलं. १९७०-७१ मध्ये देशाचा पेट्रोलचा खप १४ लाख टनांच्या पुढे होता, तो १९७५-७६ मध्ये १३ लाख टनांच्या खाली आला. पण तेव्हा पेट्रोल वापरत कोण होतं? मोटारी असलेली थोडी कुटुंबं, सरकारी गाड्या, शहरातल्या टॅक्सी आणि काही स्कूटर. या मंडळींना गाडी घरी ठेवून बस किंवा आगगाडी धरणं जमण्यासारखं होतं.

पुढची तीन-साडेतीन दशकं दर सरकार ठरवत असे. दरवाढ वर्षा-सहा महिन्यांतून एकदा व्हायची, पण मोठी व्हायची. संध्याकाळच्या बातम्यांत घोषणा झाली की मध्यरात्रीपर्यंत पंपांवर रांगा लागत. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झालं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल. मधल्या काळात, मे २०१२ मध्ये, एका रात्रीत सुमारे साडेसात रुपयांची वाढ झाली. १६ जून २०१७पासून दर रोज बदलू लागले, कधी १५ पैसे, कधी ३० पैसे. रांगा त्याबरोबर संपल्या. हा बदल केवळ कारभाराचा नव्हता. दरवाढ माणसाच्या लक्षात येण्याची रीतच त्याने बदलली, आणि अभ्यासकांच्या वादात या मुद्द्याला महत्त्व आहे.

त्यानंतरचे टप्पे मुंबईच्या दरांवरून सांगता येतात. पालघरचा दर त्याच्या आसपासच असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये पेट्रोल ९१ रुपयांवर गेलं. २०२० मध्ये जगात कच्चं तेल कोसळलं, पण मार्च आणि मे महिन्यांत केंद्राने अबकारी कर लिटरमागे एकूण १३ रुपयांनी वाढवल्यामुळे ती स्वस्ताई पंपापर्यंत पोचली नाही. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१च्या सुरुवातीला ते ११५ रुपये ८५ पैशांवर होतं आणि ६ एप्रिल २०२२ रोजी १२० रुपये ५१ पैशांवर पोचलं. मे २०२२ मध्ये केंद्राने आणि जुलैमध्ये राज्याने कर कमी केल्यावर ते १०६ रुपये ३१ पैशांवर उतरलं. पुढे मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांची कपात होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस महिने, दर तिथेच थांबला.

पहिली बाजू: मागणी हलत नाही

दर दहा टक्क्यांनी वाढला तर खप किती टक्क्यांनी घटतो, हे मोजण्याला मागणीची लवचिकता म्हणतात. या विषयावर सर्वांत जास्त चर्चा झालेला अभ्यास अमेरिकेतल्या ह्यूजेस, निटेल आणि स्पर्लिंग यांचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. १९७५ ते १९८० या काळात दर दहा टक्क्यांनी वाढला की अमेरिकेत पेट्रोलचा खप दोन ते साडेतीन टक्क्यांच्या दरम्यान घटत होता. २००१ ते २००६ मध्ये तेवढ्याच दरवाढीनंतर तो टक्काभरही घटत नव्हता. उपनगरं पसरली, कामाची ठिकाणं लांब गेली, उत्पन्नं वाढली, त्यामुळे लोकांना गाडी सोडणं अवघड झालं, असं स्पष्टीकरण त्यांनी सुचवलं. टोमाश हावरानेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरातले अंदाज एकत्र तपासले. आकडा मोठा आला की तो छापून येण्याची शक्यता जास्त असते, ही त्रुटी दुरुस्त केल्यावर दहा टक्के दरवाढीमागे लगेच होणारी घट एक टक्क्याच्याही आत भरली.

आपल्याकडचे ढोबळ आकडे या बाजूला बळ देतात. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षानुसार देशात २०१९-२० मध्ये सुमारे ३ कोटी टन पेट्रोल खपलं, २०२२-२३ मध्ये साडेतीन कोटी टन आणि २०२४-२५ मध्ये जवळपास ४ कोटी टन. शंभरी ओलांडल्यावरही आलेख चढताच राहिला. आर. रामनाथन यांनी १९९९ मध्ये भारताबद्दल हेच म्हटलं होतं: पेट्रोलच्या मागणीवर दरापेक्षा उत्पन्नाचा परिणाम कितीतरी मोठा आहे. माणसाच्या हाती चार पैसे जास्त आले की तो दुचाकी घेतो, आणि एकदा घेतली की ती चालवतो.

या निष्कर्षाला बोईसरमध्ये साधा हिशेब लावून पाहू. स्टेशन भागात राहून औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा कामगार दिवसाला जाऊन-येऊन बारा किलोमीटर दुचाकी चालवतो असं धरू. लिटरला पन्नास किलोमीटर मिळत असतील, तर रोज पाव लिटरही लागत नाही. लिटर शंभर रुपयांवरून एकशे वीसवर गेलं तर त्याचा खर्च दिवसाला पाच रुपयांनी वाढतो, महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपयांनी. शेअर रिक्षात सीटमागे एका वेळचे वीस रुपये धरले, तर त्याला दिवसाला चाळीस रुपये लागतील. दुचाकीचे एकशे वीसच्या दरानेही तीस भरत नाहीत. तो दुचाकी का सोडेल? २०१३ साली पेट्रोलियम कक्षासाठी नील्सन कंपनीने केलेल्या पाहणीत देशातलं साठ टक्क्यांहून जास्त पेट्रोल दुचाक्यांमध्ये जातं असं आढळलं होतं. अमेरिकेतले आकडे मोटारींचे आहेत, आपला प्रश्न दुचाकीचा आहे. दुचाकी हेच अनेकांचं सर्वांत स्वस्त वाहन असेल, तर तिच्यावरून उतरून खाली जायला जागाच नाही. असली तरी ती सायकलची, आणि सायकल तारापूरच्या कामगारांनी कधी पूर्ण सोडलेलीच नाही.

दुसरी बाजू: हलते, पण सावकाश

दुसऱ्या बाजूचे अभ्यासक म्हणतात, चार-सहा महिन्यांत काय होतं ते पाहू नका, चार-सहा वर्षांत काय होतं ते पाहा. ब्रिटनमधल्या गुडविन, डार्गे आणि हॅनली यांच्या २००४च्या आढाव्यानुसार दहा टक्के कायमच्या दरवाढीने रहदारी वर्षभरात एक टक्क्याने आणि पुढे तीन टक्क्यांनी घटते, पण इंधनाचा खप पहिल्या वर्षी अडीच टक्क्यांनी आणि पुढे सहा टक्क्यांहून जास्त घटतो. याचा अर्थ, माणसं फिरणं फारसं कमी करत नाहीत. पुढची गाडी घेताना मात्र वेगळी निवड करतात.

भारतातला याचा ठसठशीत पुरावा डिझेल मोटारींचा. पेट्रोल मुक्त आणि डिझेल नियंत्रित, अशा २०१० ते २०१४ या काळात दोन्ही दरांतला फरक लिटरमागे तीस रुपयांच्या वर गेला होता. २०१२-१३च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त प्रवासी गाड्या डिझेलच्या होत्या. डिझेलही मुक्त झालं, फरक मिटत गेला, आणि २०२० मध्ये मारुतीने डिझेल मोटारी बनवणं थांबवलं. दर आणि निवड यांचा संबंध यापेक्षा स्वच्छ दिसणं कठीण.

पालघरमध्ये ही जागा आता सीएनजीने घेतली आहे. जिल्ह्यात शहर गॅस पुरवठ्याचं काम गुजरात गॅस कंपनीकडे आहे. महामार्गावर आणि गावांत पंप आले तसे रिक्षावाले आणि भाड्याच्या इको चालवणारे सीएनजीकडे वळले. रोज शंभर-दीडशे किलोमीटर चालवणाऱ्याला फरक लगेच खिशात जाणवतो, म्हणून तो पहिला वळतो. पण इथेही एक इशारा आहे. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, मुंबईत दर किलोला साठ रुपये झाला, आणि त्याच वर्षी युक्रेन युद्धामुळे तो ऐंशीच्या पुढे गेला. साठचा दर पाहून किट बसवलेल्यांचा हिशेब सहा महिन्यांत कोलमडला. दराला दीर्घकाळ प्रतिसाद द्यायचा तर दर टिकेल अशी खात्री लागते, आणि ती इथे कुणाला नव्हती.

विजेच्या दुचाक्यांचं चित्र अजून ठरायचं आहे. राज्याने २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण आणलं. केंद्राचं अनुदान जून २०२३ मध्ये बरंच कमी झालं. बोईसरसारख्या गावात खरा अडथळा वेगळा आहे: खैरापाडा, सरावलीकडच्या चाळींमध्ये भाड्याच्या खोलीत चौघं राहणारे कामगार गाडी चार्ज कुठे करणार? खोलीचं मीटर घरमालकाचं, गाडी रस्त्यावर. ही निवड दराने होणारी नाही, घराने होणारी आहे.

दीर्घकाळच्या बदलाचा आणखी एक प्रकार अभ्यासांत क्वचित येतो आणि या पट्ट्यात नेहमी दिसतो: माणूस स्वतःच जागा बदलतो. विक्रमगडकडून बोईसरला रोज दुचाकीने येणाऱ्याचं जाणं-येणं ऐंशी किलोमीटरच्या घरात असेल, तर वीस रुपयांची दरवाढ त्याला महिन्याला आठशे रुपयांच्या वर पडते. असा मुलगा बोईसरमध्ये दोघा-तिघांबरोबर खोली घेतो आणि सुट्टीलाच घरी जातो. पेट्रोल वाचतं. खोलीभाडं, खाणावळ आणि घरच्या शेतीत कमी पडणारे दोन हात मात्र कोणत्याच इंधनाच्या आकडेवारीत धरले जात नाहीत.

तिसरी बाजू: लिटर तेवढेच, संसार बदलतो

इथे मानसशास्त्राकडे झुकणारे अर्थशास्त्रज्ञ येतात. जस्टीन हेस्टिंग्ज आणि जेसी शपिरो यांनी २०१३ मध्ये दाखवलं की दर चढल्यावर अमेरिकेतली कुटुंबं महागडं प्रीमियम पेट्रोल सोडून साधं घेऊ लागतात, तेही निव्वळ उत्पन्न घटल्याने होईल त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. लोक मनात पेट्रोलचा वेगळा खण ठेवतात आणि त्या खणातच काटकसर करतात, हा त्यांचा निष्कर्ष.

आपल्या पंपावर तो खण उघडा दिसतो. बोईसरच्या कुठल्याही पंपावर पहिली पाळी सुरू होण्याआधी उभं राहा. दुचाकीवाला लिटर सांगत नाही. ‘शंभरचं टाक’, ‘दोनशेचं टाक’ एवढंच सांगतो. नोट ठरलेली असते. दर चढला की त्याच नोटेत थेंब कमी पडतात आणि काटा रिझर्व्हवर एक दिवस आधी येतो. मग तो पुन्हा शंभरचंच टाकतो. रोज पंधरा-वीस पैशांनी वाढणारा दर त्याच्या नजरेत भरत नाही, नोट लवकर संपते हे भरतं. २०१७ नंतरची दरवाढ लोकांनी पंपावरच्या फलकावर वाचली नाही, महिन्याच्या अखेरीस खिशात वाचली, असं मला वाटतं.

वाढलेला खर्च भरून निघतो तो दुसरीकडून. एका दुचाकीवर दोघं, कधी तिघं कामाला जातात. एकाने गाडी काढायची, दुसऱ्याने आठवड्याचं पेट्रोल भरायचं, हा बोईसरमध्ये जुना सौदा आहे. बाजार, बँक, दवाखाना अशी कामं एकाच फेरीत उरकली जातात. पाहुण्यांकडे जाणं कमी होतं. चिंचणीच्या किनाऱ्यावर किंवा केळव्याला रविवारी जाणं पुढे ढकललं जातं. आणि बऱ्याच घरांत सर्वांत आधी थांबतं ते बाईचं गाडीने जाणं. कामावर जाणाऱ्या पुरुषाचं पेट्रोल ‘गरजेचं’ धरलं जातं, माहेरी किंवा बचत गटाच्या बैठकीला जाणं ‘जमलं तर’ होतं. एकूण लिटरमध्ये ही घट पाच टक्केही नसेल, पण घरातल्या एका माणसाच्या वाट्याला ती निम्मी येते. सरासरी काढणारे अभ्यास हे दाखवू शकत नाहीत.

डोंगरी पाड्यांत याचं आणखी एक रूप आहे. पंप लांब असल्याने दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पंपाच्या दरापेक्षा चढ्या भावाने. तिथे दरवाढ दोनदा होते: एकदा पंपावर, एकदा बाटलीत. आजारी माणसाला ग्रामीण रुग्णालयात न्यायला जीप ठरवायची तर भाडं वाढलेलं असतं. अशा वेळी ‘मागणी घटली’ या शब्दांचा अर्थ उपचाराला उशीर झाला असाही असू शकतो.

समुद्राच्या बाजूला सातपाटी, मुरबे, डहाणूच्या मच्छीमारांचा प्रश्न डिझेलचा, म्हणून इथे थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेलचा दर लिटरमागे २५ रुपयांनी वाढला, आणि सहकारी संस्थांमार्फत डिझेल घेणाऱ्यांना किरकोळ पंप स्वस्त पडू लागला. बोटीने समुद्रात जायचं की नाही हे मासळीच्या अंदाजाइतकंच डिझेलवर ठरतं. तिथे मागणी खरोखर हलते, कारण फेरी रद्द करता येते.

चौथी बाजू: पर्याय असेल तरच

चौथ्या मताचे लोक म्हणतात, दर किती वाढला हा प्रश्नच अर्धवट आहे. पर्याय काय आहे ते आधी विचारा. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये डिझेलवरच्या कराविरुद्ध ‘पिवळ्या जाकिटां’चं आंदोलन पेटलं. त्याचा जोर जिथे मेट्रो नाही, बस नाही, गाडीशिवाय कामावर जाताच येत नाही अशा छोट्या गावांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत होता. उलट बाजूचं उदाहरण जर्मनीचं. २०२२च्या उन्हाळ्यात तिथे तीन महिने नऊ युरोंत महिनाभर देशभरची लोकल वाहतूक खुली केली. सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटं विकली गेली, पण वाहतूक संस्थांच्या पाहणीत त्या तिकिटावरच्या प्रवासांपैकी गाडी सोडून केलेले प्रवास दहा टक्क्यांच्या आसपासच होते. पर्याय स्वस्त केला तरी गाडी लगेच सुटत नाही, नवे प्रवास मात्र वाढतात.

पालघरला हे मत लावताना एक गोष्ट समोर येते, आणि या सगळ्या चर्चेत ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या लोकल डहाणूपर्यंत आल्या, तेव्हा बोईसर-पालघरकरांना पहिल्यांदा दुचाकीला स्वस्त आणि नियमित पर्याय मिळाला. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. सर्वसामान्यांना त्या मधला थोडा काळ ठरावीक वेळांतच मिळाल्या, आणि दोन लशी घेतलेल्यांना पुन्हा पूर्णवेळ खुल्या झाल्या त्या १५ ऑगस्ट २०२१ पासून. पेट्रोलने शंभरी ओलांडली मे २०२१ मध्ये, म्हणजे लोकल सामान्यांना बंद असताना. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी एसटीची भाडेवाढ झाली, १७.१७ टक्क्यांची. त्याच सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. पेट्रोल ११५वर गेलं तेव्हा संप सुरू होत होता, १२०वर गेलं तेव्हाही तो मिटलेला नव्हता. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकरांना त्या पाच महिन्यांत काळी-पिवळी जीप आणि दुचाकी याशिवाय काही नव्हतं.

दर चढत गेले त्याच काळात इथले दोन्ही पर्याय एकामागून एक बंद होते, आधी लोकल, मग एसटी. तेव्हा लोकांनी पेट्रोल कमी केलं नाही, याचा अर्थ त्यांना दराची पर्वा नव्हती असा लावता येत नाही.

पुढे पर्याय परत आले. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२पासून, मोफत प्रवास मिळाला. पालघर आणि बोईसरच्या स्थानकांत सकाळी एसटीच्या रांगेत बायका वाढलेल्या दिसतात. पण त्या काळात पेट्रोलचा दर एकशे सहावर खिळलेला होता. आधी दर हलला तेव्हा पर्याय नव्हते, मग पर्याय आले तेव्हा दर हलला नाही. चौथ्या मताची परीक्षा या जिल्ह्यात अजून झालेलीच नाही.

रेल्वेच्या बाजूलाही पर्याय पुरेसा नाही. विरार ते डहाणू हे ६४ किलोमीटर दोनच मार्गिकांवर चालतात, त्यावरून लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल सगळ्यांनाच जायचं असतं. चौपदरीकरणाला मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात (एमयूटीपी-३) २०१६ साली मंजुरी मिळाली. रात्रपाळी सुटल्यावर बोईसरहून घरी जाणाऱ्याला गाडीसाठी तास-दीड तास थांबावं लागत असेल, तर तो दुचाकीच काढणार, मग दर काहीही असो. कंपनीच्या बसचंही तसंच. अणुवीज केंद्रातल्या आणि मोठ्या कंपन्यांतल्या कायम कामगाराला बस असते, ठेकेदाराकडच्या कामगाराला बहुतेक वेळा नसते. एकाच दारातून आत जाणाऱ्या दोघांवर दरवाढ वेगवेगळी पडते.

सीमेपलीकडचं पेट्रोल

जिल्ह्याचे आकडे वाचताना आणखी एक अडचण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने कर कमी केला तेव्हा गुजरातने लगेच स्वतःचा करही सात रुपयांनी उतरवला. महाराष्ट्राने तो जुलै २०२२पर्यंत उतरवला नाही. त्या आठ महिन्यांत सीमेवरच्या अच्छाडच्या अलीकडे आणि पलीकडे पेट्रोलमध्ये लिटरमागे चौदा-पंधरा रुपयांचा फरक होता. पुढे तो कमी झाला, पण मिटला नाही. तलासरी, झाई, बोर्डीच्या लोकांना भिलाड किंवा उंबरगाव पलीकडेच आहे, ते तिकडून टाकी भरून आणतात. बोईसरच्या दुचाकीवाल्याला त्यासाठी शंभर किलोमीटर फिरून दोन लिटर जाळावे लागतील, म्हणून तो जात नाही. मोटारवाला वापी-वलसाडला कामानिमित्त गेला की मात्र टाकी फुल्ल करूनच परततो. महामार्गावरचे ट्रक सोय पाहून थांबतात.

म्हणून डहाणू-तलासरीच्या पंपांवरचा खप घटला तर तिथल्या लोकांनी प्रवास कमी केला असं म्हणता येत नाही. पेट्रोल कुठे विकत घेतलं एवढंच बदललेलं असतं. दराला लोकांनी दिलेला हा सर्वांत जलद प्रतिसाद आहे, आणि मागणी मोजणाऱ्यांना सर्वांत सहज फसवणाराही. अमेरिकेतल्या लेविन, लुईस आणि वोलाक यांनी २०१७ मध्ये शहरवार आणि रोजच्या खरेदीचे आकडे घेऊन पाहिलं, तर देशाची मासिक सरासरी वापरणाऱ्या अभ्यासांपेक्षा कितीतरी मोठा प्रतिसाद दिसला. दहा टक्के दरवाढीमागे घट जवळपास तीन टक्क्यांची. बारकाईने मोजलं की लोक हललेले दिसतात, हा त्यांचा धडा पालघरला नेमका लागू पडतो.

काय सुटलेलं नाही

पहिला न सुटलेला प्रश्न कराचा. अमेरिकेत ली, लिन आणि म्युलेगर यांना आढळलं की बाजारातल्या चढउतारापेक्षा तेवढीच करवाढ लोकांना जास्त वळवते, कारण कर टिकणारा असतो आणि त्याची चर्चा होते. आपल्याकडे हे लागू होईल का, याबद्दल मला शंका आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने अबकारी कर दोन रुपयांनी वाढवला, पण कच्चं तेल उतरलेलं असल्याने पंपावरचा दर तसाच राहिला. ग्राहकाला कर दिसलाच नाही, तर त्याने कशाला प्रतिसाद द्यायचा?

दुसरा इथेनॉलचा. वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज किती घटतं यावर २०२५ मध्ये मोठा वाद झाला. घट तीन टक्के असो वा सहा, ती किलोमीटरमागची दरवाढच आहे, आणि ती कुठल्याही फलकावर दिसत नाही. लोक तिला दरवाढीसारखा प्रतिसाद देतात की गाडीत बिघाड समजून गॅरेजवाल्याकडे जातात, हे कुणी तपासलेलं माझ्या वाचनात नाही.

तिसरा प्रश्न कोणाचं काय बदललं याचा. चारही मतांचा विचार केल्यावर माझं मत असं झालं आहे की या पट्ट्यात ‘मागणी किती घटली’ हा प्रश्न दुय्यम आहे. स्टेशनजवळ राहणारा कायम कामगार, चाळीतला ठेकेदारीतला कामगार, विक्रमगडहून येणारा तरुण आणि पाड्यावरची बाई यांना एकच दर वेगवेगळ्या ठिकाणी लागतो, आणि चौघांची सरासरी काढली तर चौघांपैकी कुणाचंच खरं चित्र मिळत नाही.

हे समजायला फार खर्च लागणार नाही. तालुकावार पंपांची मासिक विक्री, बोईसर आणि पालघर स्थानकांतले रेल्वे पास, एसटी आगारांचे प्रवासी, स्टेशनबाहेरच्या पे-पार्किंगमधल्या दुचाक्या आणि वसाहतीच्या नाक्यांवरची पाळीच्या वेळची मोजणी: यातल्या बऱ्याच नोंदी कुठे ना कुठे आहेतच. जिल्हा प्रशासनाने त्या एकत्र करून खुल्या कराव्यात, आणि पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या संस्थांनी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून शंभर-दोनशे घरांचा प्रवासखर्च दर तीन महिन्यांनी, स्त्री-पुरुष वेगळा धरून, नोंदवून घ्यावा. हे काम दर शांत असतानाच सुरू करायला हवं, कारण दरवाढीनंतरच्या आकड्यांना तुलनेसाठी आधीचे आकडे लागतात आणि ते मागाहून गोळा करता येत नाहीत.